पहिल्या उन्हाळ्यातलं पिंप

एल्सबेक, १४ फेब्रुवारी १९७६

प्रिय आलिदा,

वाइनची पेटी पोचली. नेस्टॉरने ट्रक अंगणात आणला आणि वळवताना कुंपणाचा एक खांब पाडला. दरवर्षी तोच खांब पाडतो. उत्तराला उशीर झाला, कारण जानेवारी तापात गेला. आता बरा आहे. छाती साफ आहे असं डॉक्टर म्हणाला. तेवढ्यासाठी लुकने त्याला ब्रुसेल्सहून आणायची गरज नव्हती.

काल जेर्माँची एक बाटली उघडली. चांगली आहे. खरंच चांगली आहे. चेरीच्या सालीचा वास, मागे थोडी ओली माती. त्याला सांग.

इथे सगळं नेहमीसारखं. लुक बस चालवतो आणि शनिवारी रात्री येतो. इर्मा कॅफे सांभाळते, बाटल्या धुते आणि बोलते. परवा विचारत होती, "बाबा, या वर्षी एखादं पिंप मी चाखून बघू का?"

मी म्हणालो, "बाटल्या झाल्या?"

"झाल्या."

"मग पुन्हा धू."

हसली. वाईट नाही पोरगी. पण पिंपातली लांबिक बिअर कोण चाखणार हे या घरात आधी आपल्या बाबांनी ठरवलं आणि नंतर मी. सुनेने ठरवायचं असं काही नाही. या वर्षी जुन्या-नव्या पिंपांचं मिश्रण जरा उशिरा करणार आहे. घाई नाही. गेल्या वर्षीच्या बाटल्या तळघरात अजून आहेत.

चालतो खूप. लेनिकच्या रस्त्याने जातो आणि परत येतो. बसवत नाही.

तुझा
सिरील

*

लामोत, द्युरासजवळ, ३ मार्च १९७६

प्रिय सिरील,

तुझं पत्र जेर्माँने स्वतः वाचलं. त्याला फ्लेमिश धड येत नाही, तरी वाचलं. मग मी वाचून दाखवलं. मग त्याने घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि पोस्टमनला, सोसायटीतल्या लोकांना आणि खाटकाला दाखवलं. खाटकाला कशाला, विचारलं तर म्हणाला, "त्याचा मेहुणाही कधी चांगलं बोलत नाही."

इतकी वर्षं तू त्याच्या वाइनला शाई म्हणत आलास. आमच्या लग्नात तू पेला नाकाजवळ नेलास आणि मागच्या अंजिराला पाणी घातलंस. त्याच्या आईने ते पाहिलं होतं. मरेपर्यंत विसरली नाही. आणि आता चेरीची साल! म्हातारा होतोयस.

आता माझी बातमी. वेली काढायच्या आहेत. जेर्माँचे गुडघे गेले. मिशेल तूलूझला विमानांच्या कारखान्यात आहे आणि तिथेच राहणार. वेली उपटणाऱ्याला सरकार भरपाई देतंय, शेजारच्या दोघांनी घेतली. या शरदातली तोडणी शेवटची. बहुतेक माल वाइनच्या सहकारी सोसायटीत जाईल, तिथे कुणाची द्राक्षं कुठे गेली ते कळतही नाही. पण घरामागच्या ओळी मी नवरी म्हणून आले त्या वर्षी लावल्या. माझ्या हाताने. ती मेर्लो द्राक्षं मला त्यांच्या टाकीत ओतायची नाहीत.

तू आजवर द्राक्षांच्या दोन-चार पेट्या घेऊन बिअरच्या एखाद्या लहान पिंपात घालत होतास. या वेळी सगळ्या ओळी घे. मोठ्या पिंपात घाल. बाटलीत राहील असं काहीतरी कर. तू वाइन नीट ओळखायला लागलास असं दिसतंय, म्हणून धीर करून मागते. नाहीतर हे तुला कधी मागितलं नसतं.

ताप पुन्हा येत नाही ना? आणि चालतोस कशाला एवढा?

आलिदा

*

एल्सबेक, २० एप्रिल १९७६

प्रिय आलिदा,

पाठव. सगळ्या पाठव.

द्राक्षांना दोन उन्हाळे पाहिलेलं लांबिक लागतं. कोवळं असलं तर द्राक्षं त्याला खाऊन टाकतात, फार जुनं असलं तर ते द्राक्षांना. पिंप मी निवडेन. नेस्टॉरला सांग, पेट्यांवर ताडपत्री घालू नकोस, द्राक्षं गुदमरतात. आणि जेर्माँला सांग, गंधकाची पूड मारू नको. सालीवर जे जिवंत असतं तेच पिंपात काम करतं. ते मेलं तर नुसता रस राहतो.

तू विचारतेस म्हणून, ताप नाही. पण इर्मा हल्ली घरभर ओरडत फिरते. परवा चुलीवर दूध होतं. मी शेजारीच बसून कबुतरांच्या शर्यतीचा निकाल वाचत होतो. ती कॅफेतून धावत आली. "बाबा, घर जाळताय का?" पातेलं काळं झालं होतं. विचारात होतो, दुसरं काय.

मिश्रण यंदा करत नाही. पुढच्या हिवाळ्यात करेन. जुन्या बाटल्या तोवर पुरतील, ताणून पुरवू. गिऱ्हाइकं कुरकुरतात. तिस्त लोहार तर रोज कुरकुरतो, पण तो लहानपणापासून कुरकुरतो आहे.

सिरील

*

लामोत, ११ जून १९७६

सिरील,

काल मिशेल आला होता. जेर्माँने तुला पाठवलेल्या पेटीची जोडी काढली. तीच तोडणी, तीच टाकी, एकाच दिवशी भरलेली. मुलाला दाखवायचं होतं, त्याच्या मामाला आवडलेली वाइन म्हणून. बूच काढलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. कुजलेला कोबी. दुसरी उघडली, तीच. तिसरी, तीच. सगळी पेटी बिघडली आहे आणि आज नाही बिघडलेली. भरली तेव्हापासूनच तशी असणार, असं जेर्माँ म्हणतो.

त्याने कोटाच्या खिशातून तुझं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. मिशेल हसला. जेर्माँ नाही हसला.

चेरीची साल, सिरील?

दोनच गोष्टी असू शकतात. एक, आमच्यावर दया म्हणून तू खोटं लिहिलंस. तू जन्मात कुणावर अशी दया केलेली नाहीस. माझ्या पहिल्या केकला तू बाबांसमोर वीट म्हणालास, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मग दुसरी गोष्ट राहते. जानेवारीतला ताप. जळलेलं दूध. हिवाळा संपला तरी न केलेलं मिश्रण.

तुला वास येतो का?

सरळ उत्तर दे. उत्तर येईपर्यंत द्राक्षांचं काही ठरलेलं नाही.

आलिदा

*

एल्सबेक, ४ जुलै १९७६

आलिदा,

तुझं पत्र तीन आठवडे कपाटावर होतं. उचलायचो आणि ठेवायचो.

इथे भट्टी पेटली आहे. असा उन्हाळा कुणी पाहिलेला नाही. कुरणं पिवळी पडली, ब्रुसेल्सच्या रस्त्यावरचं डांबर बुटांना चिकटतं. पिंपांच्या फळ्या सुकतात म्हणून इर्मा सकाळ-संध्याकाळ ओली पोती टाकते. मी रात्री झोपत नाही, दिवसा बसत नाही. गावाबाहेरच्या चर्चपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. तिस्त म्हणतो, "सिरील, काय हरवलंय ते सांग, आम्हीपण शोधतो."

येत नाही वास. झालं समाधान?

कॉफी म्हणजे गरम पाणी. मटण म्हणजे चामडं. आंबट कळतं, खारट कळतं, थंड-गरम कळतं. बाकी पांढरी भिंत.

आता माझं ऐक. तू या घरात वाढलीस, तुला आठवत असेल. बिअर पिंपात गेली की पहिल्या उन्हाळ्यात आजारी पडते. पेल्यात ओतली तर तेलासारखी तार निघते. बाहेरचा माणूस बघितला की म्हणतो, मेली, ओता गटारात. बाबा काय करायचे? काही नाही. दार ओढून घ्यायचे. पिंप उघडायचं नाही, हलवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. थंडी पडेपर्यंत ती आपली आपण बरी होते आणि आधीपेक्षा चांगली होते. जे पिंप आजारी पडलंच नाही त्याच्यावर बाबांचा विश्वास नसायचा.

नाक माझं या उन्हाळ्यात आजारी आहे. शरदात येईल. मला आतून कळतं. तोवर कुणाला सांगायचं नाही. इर्माला तर नाहीच. तिला कळलं की लुकला कळेल, लुकला कळलं की पिंपं विकायची भाषा सुरू होईल. वास न येणाऱ्या माणसाच्या पिंपांना कोण विचारतं? लाकूड म्हणून घेतील.

जेर्माँला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको. त्याने मला फसवलं नाही, मी त्याला फसवलं.

सिरील

*

लामोत, २० जुलै १९७६

सिरील,

तू पिंप नाहीस.

बाबांचं मला सगळं आठवतं. मांडीवर गाठ आली तेव्हाही ते दार ओढून बसले होते. "बसेल आपोआप." कोण जिंकलं ते तुला माहीत आहे, तूच खांदा दिलास.

डॉक्टरकडे जा. गेलास तरी तो काही करू शकेल असं नाही, हे मलाही कळतं. पण दुसरी गोष्ट तुझ्या हातात आहे. इर्माला सांग. ती पोरगी सहा वर्षं तुझ्या पिंपांना ओली पोती घालते. गेल्या वेळी आले होते तेव्हा मी तिला ग्लास धुताना पाहिलं. धुण्याआधी प्रत्येक ग्लासचा वास घेते. गिऱ्हाईक सिगारेट ओढणारं होतं की कांदा खाणारं, ओळखते. तुझ्या पाठीमागे मला सांगत होती, हसवत होती.

द्राक्षं तुझ्याकडे येतील. पण पिंप इर्मा निवडेल. तुझं नाक परत आलं तर प्रश्नच नाही. नाही आलं तर तिने चाखायचं, तिने बोट दाखवायचं. मला तसा शब्द हवा.

इथेही ऊन आहे. द्राक्षं लहान आणि काळी. जेर्माँ ओळींमधून फिरतो आणि वेलींना हात लावतो, जसा गुरांना विकायच्या आधी लावतात. मी घरात येरझाऱ्या घालते. तुझ्यासारखंच.

आलिदा

*

एल्सबेक, ५ सप्टेंबर १९७६

प्रिय आलिदा,

आलं. काल सकाळी पायऱ्या उतरताना कॉफीचा वास आला. अगदी स्पष्ट. मी तिथेच उभा राहिलो. सांगितलं होतं ना?

आता इर्माला काही सांगायची गरज उरली नाही. पिंप मी काढून ठेवलं आहे, खिडकीखालचं मोठं. द्राक्षं पाठव.

सिरील

*

लामोत, १९ सप्टेंबर १९७६

प्रिय सिरील,

नेस्टॉर आज दुपारी निघाला. रात्रभर चालवेल. ताडपत्री नाही, वर नुसती पोती. गंधक नाही.

तोडणी लवकर झाली, उन्हामुळे. घरामागच्या ओळी शेवटी ठेवल्या. मिशेल सुट्टी काढून आला, आपला आपण कात्री घेऊन उभा राहिला. शेवटच्या वेलीपाशी आलो तेव्हा कुणीच पुढे होईना. मग जेर्माँ म्हणाला, "द्राक्षं आहेत, फुलं नाहीत. तोडा." मी तोडली.

आता हात रिकामे आहेत आणि मला काही सुचत नाही. भांडी घासलेली पुन्हा घासते. तुझं नाक परत आलं म्हणून बरं वाटलं. सिरील, खरंच बरं वाटलं. रोज एक ओळ तरी लिही. पिंपात काय चाललंय, फेस किती येतोय, रंग किती उतरला. मला कळव.

तुझी
आलिदा

*

एल्सबेक, ९ जानेवारी १९७७

प्रिय आत्या,

मी इर्मा. माझं अक्षर तुम्ही फक्त नाताळच्या कार्डावर पाहिलंय, तिथे लुक निम्मं लिहितो. बाबांनी ऑक्टोबरपासून तुम्हाला काही कळवलं नाही हे मला माहीत आहे, कारण तुमची पाकिटं मीच त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. ती तशीच असतात. म्हणून मी लिहिते.

द्राक्षांचं पिंप गेलं, आत्या. व्हिनेगर झालं.

सरळ लिहिलं त्याबद्दल माफ करा. गोल फिरवून लिहायला बसले होते, तीन कागद फाडले.

नेस्टॉर आला त्या सकाळी बाबांनी मला कॅफेत पाठवलं. "गिऱ्हाइकं बघ." सकाळी सहाला कुठली गिऱ्हाइकं? मी दाराआडून पाहिलं. त्यांनी खिडकीखालच्या पिंपातून पेला काढला, नाकाजवळ धरला, डोळे मिटले, मान हलवली. नेस्टॉरला म्हणाले, "हे." नेस्टॉरला काय कळतंय. त्याने टोपी काढली. त्या पिंपाची एक फळी ऑगस्टमध्ये सुकून उघडली होती. मी त्यावर सगळ्यात जास्त पोती घालत होते, तरी हवा आत गेलीच. मला दारातून वास येत होता. मी काही बोलले नाही. मला वाटलं, त्यांना माहीत असेल, द्राक्षं घातल्यावर मरत असेल तो वास. मला कुणी शिकवलंय काय, की मी बोलू?

हे खरं नाही. मला कळत होतं. भीती वाटली म्हणून बोलले नाही.

मला सगळं आधीपासून माहीत होतं. वसंतात कॅफेच्या काउंटरखाली उंदीर मेला. तिस्त रुमाल धरून बाहेर पळाला, शिक्षक पळाले, कुत्रा पळाला. बाबा त्याच उंदराशेजारी बसून पत्ते पिसत होते आणि विचारत होते, "काय झालं सगळ्यांना?" मी म्हटलं, "बाहेर ऊन छान पडलंय." तेही बाहेर येऊन बसले.

नोव्हेंबरात व्हिनेगरचा वास कॅफेत यायला लागला. बाबा पिंपाजवळ उभे राहायचे, लाकडाला कान लावायचे. "छान उकळतंय." एका रविवारी कॅफे भरलेलं, पावावर चीज आणि मुळा लावून मी ताटल्या फिरवत होते, आणि तिस्त ओरडला, "सिरील, आज सॅलड आहे वाटतं? आण की!" सगळे हसले. बाबापण हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते. आत्या, तेवढ्यात त्यांना कळलं. पिंपाचंही आणि मला माहीत असल्याचंही. त्यांनी हातातले पत्ते उलटे ठेवले आणि बाहेर गेले. कोट न घालता.

तेव्हापासून चालतात. सकाळी निघतात, अंधार पडल्यावर येतात. लेनिकला कुणी पाहिलं, हालेच्या रस्त्यावर कुणी पाहिलं. लुक म्हणतो, वय झालं. मी म्हणते, तू बस चालव.

लिहायचं कारण वेगळं आहे. जानेवारी चालू आहे. गेल्या हिवाळ्यात मिश्रण झालं नाही. या हिवाळ्यातही झालं नाही तर वसंतात भरायला काही नाही, आणि तळघरातल्या बाटल्या संपत आल्या. ज्याच्याकडून आपण कच्ची बिअर घेतो तो ब्रुअर परवा येऊन लुकशी बोलून गेला. पिंपं विकता का म्हणून. लुक नाही म्हणाला नाही. मी चाखू शकते. येईल की नाही माहीत नाही, पण चाखू शकते. पण गिरमिट बाबांच्या कोटाच्या खिशात असतं आणि कोट अंगावर असतो. पिंपाला भोक पाडायला दुसरं गिरमिट दुकानात मिळतं, ते मलाही कळतं. पण तसं नको.

तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतात. निदान तुम्हाला घाबरतात.

तुमची
इर्मा

*

लामोत, १८ जानेवारी १९७७

सिरील,

हे पाकीट इर्मा तुझ्यासमोर उघडून वाचेल. मी तिला तसं कळवलंय. उठून जाऊ नकोस.

वेली नोव्हेंबरात उपटल्या. ट्रॅक्टरला साखळी बांधून. मी खिडकीत उभी राहून पाहिलं, कारण कुणीतरी पाहायला हवं होतं. मुळं किती लांब असतात हे मला माहीत नव्हतं. आता घरामागे नुसता उतार आहे आणि पलीकडच्या शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

द्राक्षांबद्दल मी रडले. जेर्माँ नाही रडला, तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. ती आता येणार नाहीत. तू बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, तुला ते जमत नाही.

पण एक ऐक. तुला कॉफीचा वास आला असं लिहिलंस, त्याच दिवशी मला कळलं होतं. तू इर्माच्या कॉफीबद्दल एकही वाईट शब्द लिहिला नव्हतास. ज्याला खरंच वास आला असता त्याने लिहिलं असतं, "आणि काय कॉफी, भाजलेल्या जोड्याची." मला कळलं आणि तरी मी नेस्टॉरच्या ट्रकमध्ये पेट्या चढवल्या. द्राक्षं पिकली होती, ट्रक दारात होता, आणि ती तुझ्या घरी जावीत एवढंच मला हवं होतं. तेव्हा तू एकटाच दार ओढून बसला नव्हतास.

आता हिवाळा आहे. बरं होणारं जे होतं ते झालं असतं.

गिरमिट काढ. टेबलावर ठेव. आत्ता, ती वाचते आहे तोवर.

आलिदा

*

एल्सबेक, ६ फेब्रुवारी १९७७

प्रिय आलिदा,

ठेवलं. लगेच नाही. तिने पत्र पूर्ण वाचलं, घडी केली आणि भांडी आवरायला लागली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग ठेवलं. ती म्हणाली, "आज नको बाबा, आज कॅफेत गर्दी आहे. सोमवारी." सोमवारपर्यंत ते टेबलावर होतं. आम्ही त्याच्याभोवती जेवलो.

सोमवारी गोदामात गेलो. मी कंदील धरला. तिने पहिल्या पिंपाला भोक पाडलं, पेला धरला, लाकडी खुंटी मारली. खुंटी वाकडी बसली आणि बाहीवर धार आली. मी कंदील जवळ नेला. दुसरी सरळ बसली.

मी तिचं तोंड बघत होतो. दुसरं काही बघायला नव्हतंच. बाबा चाखताना तोंड दगडासारखं ठेवायचे, मीही तेच शिकलो, गिऱ्हाइकाला काही कळू नये म्हणून. ही काही लपवत नाही. वाईट लागलं तर नाक मुरडते, बरं लागलं तर भुवई वर जाते. "हे नाही. हे नाही. हे थांबवू या. हे... देवा, हे नाहीच नाही." मी ज्यांच्यावर खडूने खूण केली होती त्यातली निम्मी तिने पुसली. बाहीने. मी म्हणालो, "नीट चाखलंस?" ती म्हणाली, "तुम्ही चाखा." आणि पेला पुढे केला. वाईट हेतूने नाही. सवयीने. मग तिनेच तो मागे घेतला.

मग तिने खिडकीखालच्या मोठ्या पिंपाच्या शेजारचं उघडलं. पेला पुन्हा भरला, पुन्हा चाखला. हे त्या वर्षीचंच, त्याच ब्रुअरचं. मध्ये हातभर अंतर. मी ज्यात तुझी द्राक्षं घातली त्याच्या शेजारचं. "हे फार चांगलं आहे, बाबा," ती म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवलं, कारण तिलाही ते हातभर अंतर दिसलं.

तुझं पिंप तिने विचारल्याशिवाय उघडलं नाही. मी हो म्हणालो. बूच काढल्यावर ती खोकली. मीही खोकलो, तेवढं घशाला कळतं. ओढ्याकडच्या चरात सोडलं. रंग सुंदर होता. हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, होता म्हणून लिहितो. बर्फावरून गेला आणि संध्याकाळपर्यंत दिसत होता. साली तळाशी राहिल्या, त्या मी फावड्याने काढल्या. इर्माला हात लावू दिला नाही.

काल तिने मिश्रण बसवलं. जुनं थोडं, मधलं जास्त, कोवळं तिच्या अंदाजाने. माझ्या अंदाजापेक्षा कोवळं जास्त घातलं. मी म्हणालो, "कोवळं बाटलीत उकळत राहतं. बाटल्या फुटतील." ती म्हणाली, "फुटल्या तर धुवायच्या कमी." फुटतील की नाही ते उन्हाळ्यात कळेल. मला काही सांगता येत नाही. या गोदामात इतकी वर्षं मी पिंपाच्या बाबतीत कुणाचा शब्द मानला नाही, बाबांचाही शेवटी शेवटी नाही. आता तिचा मानायचा आणि ती बरोबर आहे की नाही हे कधीच कळायचं नाही. रात्री पुन्हा उठून चालत होतो. अंगणातच.

आज दुपारी ती पेला घेऊन आली. मी प्यालो. थंड. आंबट. पांढरी भिंत.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मला तुमचे शब्द येत नाहीत."

"तुझे सांग."

ती उलट्या क्रेटवर बसली. पेला दोन्ही हातांत धरून विचार केला. "लुक पावसात बस चालवून येतो ना, तेव्हाचा त्याचा कोट. मग पेटीत राहिलेलं सफरचंद. मग..." थांबली. "तुम्हाला हे मूर्खासारखं वाटत असेल."

मी दुसरं क्रेट ओढलं आणि तिच्यासमोर बसलो.

"मग काय?" मी म्हणालो. "सांग. सावकाश सांग."

सिरील